पंचवीस टक्के जातात कुठे?

वाचकाचे पत्र

आमच्या ह्यांना जाऊन येत्या मार्चमध्ये वर्ष होईल. एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात ह्यांनी एकतीस वर्षे काढली. घरात कुठलीही गोळी आली की आधी पट्टी उलटी करून तारीख बघायचे, मग आम्हाला द्यायचे. त्यांच्या नावाने पाच लाख रुपये एखाद्या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेला द्यावेत असे मनात आहे. एफ.डी. फेब्रुवारीत पिकते.

दोन संस्था डोळ्यांसमोर आहेत. एक छोटा उदेपूरकडच्या आदिवासी गावांत फिरता दवाखाना चालवते. दुसरी मोठमोठी आरोग्य शिबिरे भरवून मोफत औषधे वाटते. दोघांकडून तीन वर्षांचे हिशेब मागवले. पुतण्या पुण्याहून दिवाळीला आला होता, त्याने ते चाळले. तो म्हणाला, "काकू, गाडीवाल्यांचा ओव्हरहेड पंचवीस टक्के आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! सरकारने वीसची मर्यादा घातली आहे, म्हणजे हे बेकायदाच. वर चाळीस लाख बँकेत दाबून ठेवलेत. शिबिरवाल्यांचा फक्त तीन टक्के." मला गाडीवाल्यांची डॉक्टरीण मनापासून आवडली होती. पण मी शाळेत मराठी शिकवले, हिशेब ह्यांच्याकडे असायचा. काय करू? कागद सोबत पाठवते आहे.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर

ताई,

हिशेब ह्यांच्याकडे असायचा असे लिहिलेत खरे, पण देणगीआधी तीन-तीन वर्षांचे हिशेब मागवून घेणारी माणसे मी चौतीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. बडोद्यातल्या ट्रस्टांचे चोपडे लिहून मी निवृत्त झालो. लोक अहवालातले फोटो बघतात, विश्वस्तांत कोण ओळखीचे आहे ते बघतात आणि चेक फाडतात. तुम्ही कागद मागितलेत आणि दोघांनीही ते दिले. हे दोघांच्याही बाजूला जमा धरा.

आधी पुतण्याच्या म्हणीचे बघू. पंचवीस टक्के म्हणजे रुपयात चार आणे. मसाला चार आण्यांचा आणि कोंबडी बारा आण्यांची असा हा हिशेब आहे. म्हण त्याने उलटी लावली. आणि सोळा आण्यांच्या रश्श्यात चार आण्यांचा मसाला मला तरी जास्त वाटत नाही. त्याला सांगा, रागावू नकोस, पुण्यात राहून मसाल्याचा अंदाज चुकतो.

वीस टक्क्यांची मर्यादा त्याने कुठेतरी वाचली आहे ती खरी आहे, पण ती परदेशातून येणाऱ्या देणग्यांपुरती. त्या देणग्यांचा कायदा २०१० चा. त्यात परदेशी पैशातला निम्म्यापर्यंतचा भाग व्यवस्थापनावर खर्च करता येत असे, तो २०२० च्या दुरुस्तीने वीस टक्क्यांवर आणला. तुमच्या दोन्ही संस्थांच्या कागदांत परदेशी पैसा एक रुपयाही नाही. पाच टक्क्यांचा आणखी एक आकडा त्याच्या कानावर येईल, तर तो कंपन्यांच्या सी.एस.आर., म्हणजे सामाजिक कामावरच्या, खर्चाबाबत आहे. कंपनीने ते काम सांभाळण्यासाठी स्वतःच्या कचेरीत किती खर्च करावा याची ती हद्द आहे. म्हणजे बेकायदा वगैरे काही नाही. उलट त्याच परदेशी देणग्यांच्या नियमांत एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, ती मला फार आवडते. दवाखान्यातल्या डॉक्टरांचे आणि शाळेतल्या शिक्षकांचे पगार व्यवस्थापन खर्चात धरायचे नाहीत, असे तिथे म्हटले आहे. का, तर डॉक्टर हेच काम आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुम्ही पाठवलेल्या कागदाकडे या. आपल्या गुजरातेत ट्रस्टचा जमाखर्च १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली ठरलेल्या नमुन्यात लिहावा लागतो, परिशिष्ट नऊ म्हणतात त्याला. खर्चाच्या बाजूला मालमत्तेवरचा खर्च, आस्थापना खर्च (म्हणजे कचेरीचा वरखर्च, पुतण्याचा "ओव्हरहेड" तो हाच), विश्वस्तांचे मानधन, कायदेशीर खर्च, ऑडिट फी, घसारा असे एकाखाली एक येते आणि शेवटी "ट्रस्टच्या उद्देशांवरील खर्च". त्यात धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण, इतर अशा ओळी. नमुना सरकारने छापून दिला आहे, पण कुठले व्हाउचर, म्हणजे खर्चाची पावती, कुठल्या ओळीत टाकायचे हे हिशेब लिहिणारा ठरवतो. ड्रायव्हरचा पगार आस्थापनेत की वैद्यकीय मदतीत? शिबिराचा मांडव कुठे? पत्रके छापली ती जनजागृती की जाहिरात? कित्येक वर्षे हे ठरवणारा हात माझाच होता, म्हणून सांगतो.

माझ्या पहिल्याच नोकरीतली गोष्ट. एका ट्रस्टचा दवाखाना होता, मधुमेहाच्या गरीब रोग्यांना इन्सुलिन मोफत मिळे. आमच्या मुख्य विश्वस्तांना एकच अभिमान होता, आस्थापना खर्च पाच टक्क्यांच्या आत. वार्षिक सभेत ते आकडा वाचत आणि टाळ्या पडत. त्या पाच टक्क्यांपायी फार्मासिस्ट नव्हता. औषधे मी आणि एक शिपाई मिळून देत असू. डॉक्टरांनी दोनदा लेखी मागितले होते की फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायला अर्धवेळ का होईना एक माणूस द्या. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचे असते. उत्तर आले, "हा खर्च कचेरीत पडेल, पुढच्या वर्षी बघू."

दिवाळीत दवाखाना बंद झाला तो लाभपाचमेला उघडला. फ्रिजचे दार ओढले तर ते चिकटलेले. थर्मोस्टॅट बिघडून आत सगळा बर्फ झाला होता. बाटल्यांच्या लेबलांवर हिमाचा थर, दोन-तीन तडकलेल्या. इन्सुलिन एकदा गोठले की वितळून पूर्वीसारखे दिसले तरी फेकूनच द्यायचे असते. दोनशेच्या वर बाटल्या होत्या. दारात पहिल्या आल्या त्या वाडीतल्या एक आजी, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा, इन्सुलिन थंड न्यायला. त्या तसाच रिकामा डबा घेऊन परत गेल्या.

आता खरी गोष्ट ऐका. त्या फेकलेल्या बाटल्यांचा खर्च हिशेबात कुठे गेला? वैद्यकीय मदत. खरेदी झाली तेव्हाच त्या ओळीत बसला होता, कोणी हलवला नाही, मीही नाही. म्हणजे गटारात ओतलेले इन्सुलिन रुग्णसेवा ठरले, आणि ते वाचवू शकला असता तो माणूस ठरला असता वरखर्च. त्या वर्षीही टक्का पाचच्या आत राहिला. टाळ्याही पडल्या.

तेव्हापासून कोणी मला नुसता टक्का सांगितला की मी म्हणतो, व्हाउचर दाखवा. तुमच्या दोन संस्थांची व्हाउचरे माझ्याकडे नाहीत, पण ताळेबंदामागच्या टिपा तुम्ही पाठवल्यात त्यात पुष्कळ सापडले. वही-पेन्सिल घेऊन बसा, शाळेतले त्रैराशिक पुरे.

गाडीवाल्यांचा वर्षाचा खर्च ८६ लाख. त्यात आस्थापना साडेएकवीस लाख, म्हणून पंचवीस टक्के. टिपेत त्याची फोड आहे. फार्मासिस्टचा पगार ३ लाख ६० हजार, ड्रायव्हरचा २ लाख ४० हजार, रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यकर्तीचा २ लाख ४० हजार. हे तिघे मिळून ८ लाख ४० हजार. यातला कोण "कचेरी" आहे सांगा! ड्रायव्हर नसेल तर फिरता दवाखाना इथे बडोद्यात करेलीबागेतच उभा राहील. आणि नोंदी ठेवणारी मुलगी नसेल तर सिकलसेलच्या रोग्यांचे काय? त्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. त्यावर हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घ्यावी लागते आणि ती चालू असताना ठराविक दिवसांनी रक्तपेशी मोजून बघाव्या लागतात. कोणाची तपासणी कधी झाली, कोण दोन फेऱ्यांना आलाच नाही, हे वहीत नसेल तर डॉक्टरीणबाईंच्या हुशारीचा उपयोग नाही. हे ८ लाख ४० हजार वैद्यकीय मदतीत नेले, आणि न्यायलाच हवेत, तर आस्थापना उरते १३ लाख १० हजार. म्हणजे सुमारे पंधरा टक्के. या संस्थेचा हिशेबनीस एकतर फार भोळा आहे किंवा फार प्रामाणिक.

आता शिबिरवाले. एकूण खर्च २ कोटी ४० लाख, आस्थापना ७ लाख २० हजार, बरोबर तीन टक्के. पुतण्याचे गणित चुकलेले नाही. पण टीप क्रमांक सहा त्याने वाचली नसावी. एकूण खर्चातले १ कोटी ९० लाख हे रोख खर्चच झालेले नाहीत. ती कंपन्यांनी आणि घाऊक व्यापाऱ्यांनी दिलेली औषधे आहेत आणि ती "छापील किमतीने" हिशेबात धरली आहेत.

छापील किंमत म्हणजे काय, हे तुमच्या यजमानांनी तुम्हाला एका मिनिटात सांगितले असते. जेनेरिक औषधाच्या पट्टीवर छापलेली एम.आर.पी. आणि तीच पट्टी घाऊक बाजारात सुटते ती किंमत यांत पाचपट-दहापट फरक असणे ही काही नवलाई नाही. खात्री करायची तर जनऔषधी केंद्रात जाऊन एका औषधाचा भाव विचारा आणि शेजारच्या दुकानातल्या ब्रँडच्या पट्टीवरची किंमत वाचा. आपल्याच बडोद्यात लोकॉस्ट नावाचा ट्रस्ट १९८३ पासून गरजेची औषधे स्वतः बनवून सेवाभावी दवाखान्यांना स्वस्तात देतो. औषधाची खरी किंमत किती असते हे तो उभा राहिल्यापासून दाखवत आला आहे. अलेम्बिक आणि साराभाई या औषध कंपन्यांच्या गावात राहून आपण तरी छापील किमतीला भुलू नये.

हा खेळ एकट्या बडोद्याचा नाही. अमेरिकेत काही बड्या मदत संस्था जंतांच्या गोळ्या देणगीत घेत. घाऊक बाजारात जी गोळी दोन सेंटला मिळे ती हिशेबात दहा डॉलरहून अधिक धरत. मग लाखो गोळ्यांनी "मदतीचा" आकडा फुगे आणि वरखर्चाचा टक्का आपोआप एक-दोनवर येई. २०११ च्या सुमाराला तिथल्या पत्रकारांनी हे उघडे केले.

तुमच्या शिबिरवाल्यांच्या १ कोटी ९० लाखांची खरी किंमत एक पंचमांश धरू, म्हणजे ३८ लाख. मी हात आखडलेला नाही, हे त्यांना उदार मापच आहे. एकूण खर्च मग होतो ८८ लाख. त्यावर ७ लाख २० हजार म्हणजे आठ टक्के. पुढे टीप आठ बघा. "शिबिर खर्च" १४ लाख, कंसात मांडव, फलक, जाहिरात, पाहुण्यांचे भोजन. हाही वैद्यकीय मदतीच्या ओळीत बसवला आहे. तो बाहेर काढला तर २१ लाख २० हजार, म्हणजे चोवीस टक्के. तीनचे चोवीस झाले, आणि गाडीवाल्यांचे पंचवीसचे पंधरा. एकही पैसा इकडचा तिकडे न होता.

आणखी एक पाऊल टाका, कारण तुम्ही औषधे देणार नाही, चेक देणार आहात. शिबिरवाल्यांचा रोख खर्च फक्त ५० लाख. त्यात मांडव-कचेरी २१ लाख २० हजार. तुमच्या रोख रुपयातले बेचाळीस पैसे तिकडे जाणार. हे त्यांच्या पत्रकात कुठेही नाही आणि कायद्याने ते सांगायला बांधलेलेही नाहीत.

मी त्यांना लबाड म्हणत नाही. टीप क्रमांक सहा त्यांनी लपवलेली नाही, छापली आहे. मोतीबिंदूसारख्या कामाला शिबिर चांगले असते. गावात तपासायचे, निवडलेल्यांना दवाखान्यात नेऊन शस्त्रक्रिया करायची, परत आणून सोडायचे आणि पुढच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. ज्याला दिसू लागले त्याला ते बहुधा कायमचे. पण यांच्या अहवालात मोतीबिंदू थोडे आहेत आणि रक्तदाब-मधुमेहाची "मोफत औषधे" भरपूर. पंधरा दिवसांच्या गोळ्या. सोळाव्या दिवशी काय? रक्तदाब काही शिबिराची तारीख पाहून वागत नाही. "६१,००० लाभार्थी" असे ठळक छापले आहे, पण एकाच माणसाने वजन केले, साखर तपासली आणि चष्म्याचा नंबर काढला तर तो एक धरला की तीन? हे विचारा. उत्तर देताना कोण खुर्चीत चुळबुळ करतो ते बघा.

गाडीवाल्यांनी ६१,००० लिहिलेले नाही. त्यांनी लिहिले आहे, नियमित उपचारांवरचे रुग्ण १,९००. एकूण ८६ लाख भागिले १,९००, सगळा वरखर्च धरून, माणशी वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास. महिन्याला पावणेचारशे रुपयांत डॉक्टर, रक्ततपासणी आणि गोळ्या नसवाडी-कवांटकडच्या पाड्यावर घरापर्यंत. तुम्हीच ठरवा महाग की स्वस्त. मला विचाराल तर देणगीदाराने हाच भागाकार करावा, टक्का नंतर. अमेरिकेत संस्थांना तारे-गुण देणाऱ्या चॅरिटी नेव्हिगेटरने, गाईडस्टार आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या दोघांसह, २०१३ साली देणगीदारांना खुले पत्रच लिहिले होते की केवळ वरखर्चाच्या टक्क्यावरून संस्था जोखू नका. ज्यांनी लोकांना टक्के बघायची सवय लावली त्यांच्यावरच ही वेळ आली.

नोबेल मिळालेली डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्थासुद्धा साधारण ऐंशी टक्के कामावर आणि उरलेले निधी जमवण्यावर आणि व्यवस्थापनावर जातात असे आपल्या हिशेबात उघड छापते. तिच्याबद्दल मला एका वेगळ्याच कारणाने आदर आहे. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, जगभरातून पैशाचा पूर आला, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात यांनी सांगितले की त्सुनामीच्या कामाला लागतील तेवढे पैसे जमले, आता त्या नावाने पाठवू नका. आधी दिलेल्यांनाही विचारले, तुमचे पैसे दुसरीकडे वापरले तर चालेल का. आलेला चेक नको म्हणायला छाती लागते. मी बडोद्यात असे एकदाही पाहिले नाही.

बँकेतल्या चाळीस लाखांवरून पुतण्या बिथरला आहे. महिन्याला सात लाखांहून थोडा जास्त खर्च असलेल्या संस्थेकडे चाळीस लाख म्हणजे साडेपाच महिन्यांचे धान्य. कंपन्यांचे सी.एस.आर.चे पैसे बरेचदा मार्च संपता संपता येतात, तोवर डिझेल उधार मिळत नाही आणि सिकलसेलचा रोगी थांबत नाही. सहा महिने ते वर्षभराची शिल्लक मी समजूतदारपणा मानतो. तीन-चार वर्षांची असती तर विचारले असते, साठवता कशासाठी? प्राप्तिकराचा नियमही असाच आहे. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के कामावर लावायचे, जास्त साठवायचे तर कारण आणि मुदत लेखी द्यायची.

पण म्हणून गाडीवाल्यांना मी शंभर गुण देत नाही, आणि तुम्हाला डॉक्टरीणबाई आवडल्या म्हणून डोळे मिटू देणार नाही. त्यांच्या आस्थापनेत एक ओळ मला खटकली. "गॅरेज व औषध साठा खोलीचे भाडे, २ लाख ४० हजार." संबंधित व्यक्तींच्या यादीत घरमालकीण म्हणून जे नाव आहे ते एका विश्वस्तांच्या पत्नीचे आहे. विश्वस्ताच्या नातेवाइकाला भाडे देणे हा गुन्हा नाही, पण ते बाजारभावापेक्षा जास्त असता कामा नये आणि ऑडिट अहवालात दिसले पाहिजे. दिसते आहे, हे चांगले. महिन्याला वीस हजार त्या भागात वाजवी आहेत का, ठराव करताना ते विश्वस्त बैठकीतून उठून गेले होते का, ठरावाची नक्कल मिळेल का? हे सरळ विचारा. ताकाला जाऊन भांडे लपवू नका. स्वच्छ माणूस याने दुखावत नाही.

बाकी कागदी तपासणी पाच मिनिटांची आहे. ऑडिट अहवालावर सी.ए.च्या सहीखाली अठरा आकडी-अक्षरी यू.डी.आय.एन. हा ओळख क्रमांक असतो, तो सी.ए. लोकांच्या संस्थेच्या (आय.सी.ए.आय.) संकेतस्थळावर टाकला की अहवाल खरा की नाही ते कळते. मात्र सी.ए.ची सही म्हणजे कागद चोपड्यांशी जुळतात एवढेच. काम चांगले चालते असे ती सही म्हणत नाही. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर, जिथे सेवाभावी संस्थांची नोंद होते, दोघांची नोंद आहे का पाहा. चॅरिटी कमिशनरच्या कचेरीत दिलेला हिशेब आणि तुम्हाला दिलेला हिशेब एकच आहे ना, हे नक्कल मागवून ताडता येते. तिथे खेटे मात्र घालावे लागतील, पुतण्याला पाठवा.

८०-जीच्या, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीच्या, पावतीची फार काळजी करू नका. तुमची पेन्शन आणि व्याज मिळून बारा लाखांच्या आत असेल आणि नव्या पद्धतीने विवरण भरत असाल तर कर तसाही शून्य आहे आणि त्या पद्धतीत ८०-जी चालतही नाही. जुन्या पद्धतीत असाल तर बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतच्या देणगीवर. पाच लाख एका दमात दिले तर बराचसा भाग वायाच जातो. दोन हजारांवर रोख दिले तर काहीच मिळत नाही. रोख कोणी मागितले तर तिथूनच उठा.

तर माझे मत विचारलेत म्हणून सांगतो. गाडीवाल्यांना द्या, पण एकदम नको. भाड्याचे उत्तर लेखी आले आणि पटले की मार्चमध्ये १ लाख ८० हजारांचा चेक लिहा. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, तो त्यांच्या फार्मासिस्टचा सहा महिन्यांचा पगार आहे. सोबतच्या पत्रात "फक्त औषधांसाठी" असे लिहू नका. औषधांसाठी देणारे पुष्कळ मिळतात, गाडीवर नाव रंगवायला तर रांग लागते. फार्मासिस्टच्या पगाराला कोणी येत नाही, आणि पट्टी उलटी करून तारीख बघणारा माणूस गाडीत तोच असतो. तुमच्या यजमानांच्या नावाने हा पगार चालला तर मला वाटते त्यांना ते आवडले असते, पण ते तुम्ही जास्त जाणता. उरलेले ३ लाख २० हजार पुढच्या वर्षीचा हिशेब पाहून. तोवर पुन्हा एफ.डी.त ठेवा.

शिबिरवाल्यांना नकार कळवताना एक ओळ लिहा: औषधे छापील किमतीने न धरता खरेदी किमतीने धरून हिशेब पाठवलात तर पुन्हा विचार करीन. लिहितील की नाही कोण जाणे, पण कोणीतरी विचारले एवढे तरी त्यांच्या सभेत वाचले जाईल.

चेक लिहिण्याआधी एक दिवस गाडीबरोबर जा. त्यांच्या पत्रकात मंगळवारी सकाळी सातला निघते असे आहे, छोटा उदेपूर शंभरेक किलोमीटर, संध्याकाळ होईल परतायला. पाण्याची बाटली आणि थोडा लीलो चिवडा जवळ असू द्या. डॉक्टरीणबाईंशी बोलणे झाले की मागच्या बाजूला जा, औषधांच्या खोक्यातून कुठलीही एक पट्टी उचला आणि तारीख बघा. देणगीत आलेल्या औषधाला पोचताना निदान वर्षभराची मुदत शिल्लक असावी असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. मग इन्सुलिनच्या पेटीवर थर्मामीटर आहे का आणि शेजारी अडकवलेल्या कागदावर त्या सकाळचे तापमान लिहिले आहे का, तेही पाहून या. मला कळवा.